संध्याकाळी सातनंतरचे गाव कोणते?

जानेवारी २०१३. संध्याकाळचे सात वाजले, तसा इंग्लंडमधल्या बीबीसीच्या जवळजवळ सगळ्या स्थानिक केंद्रांवर एकच आवाज लागला. सकाळपासून लीड्सचे केंद्र लीड्सबद्दल, कॉर्नवॉलचे कॉर्नवॉलबद्दल आणि नॉर्फोकचे नॉर्फोकबद्दल बोलत होते. सातच्या ठोक्याला ही सगळी गावे एका श्रोतृवर्गात जमा झाली. निवेदक होता क्लासिक एफएमवर नाव कमावलेला मार्क फॉरेस्ट, आणि स्टुडिओ होता लीड्समध्ये. कार्यक्रमाची निर्मिती मात्र बीबीसीची नव्हती. ‘वायर फ्री प्रॉडक्शन्स’ या खासगी निर्मितीसंस्थेला तो कंत्राटाने दिला होता. सोमवार ते शुक्रवार, सात ते दहा.

ही व्यवस्था साडेपाच वर्षांच्या आसपास चालली आणि मग मोडली. ती मोडल्यावर पाचेक वर्षांत तिच्याहून मोठी सामायिक व्यवस्था आली. तिच्यावरून संप झाले, संसदेत प्रश्न विचारले गेले, आणि मूळ वाद आहे तिथेच राहिला. स्थानिक रेडिओने दिवसातले किती तास स्थानिक असावे? उरलेले तास एकत्र केले, तर ते कोणी भरावेत?

लेस्टरपासून

बीबीसीचे पहिले स्थानिक केंद्र ८ नोव्हेंबर १९६७ रोजी लेस्टरला सुरू झाले. त्यामागे फ्रँक गिलार्ड होते. युद्धवार्ताहर म्हणून गाजलेल्या या माणसाने अमेरिकेत छोट्या गावांची छोटी रेडिओ केंद्रे पाहिली होती. तसे काही आपल्याकडे व्हावे म्हणून त्यांनी बीबीसीत वर्षानुवर्षे खटपट केली. लेस्टरपाठोपाठ शेफील्ड, मर्सीसाइड, नॉटिंगहॅम, ब्राइटन, स्टोक, लीड्स आणि डरॅम अशी एकूण आठ केंद्रे उघडली. सुरुवातीला खर्चाचा मोठा वाटा स्थानिक नगरपालिकांनी उचलायचा होता. पैशाची चणचण ही या घराण्याची जन्मखूण म्हणावी लागेल.

ही केंद्रे दिवसभर स्वतःचे बोलत असत, असाही गैरसमज नको. स्वतःचे तास संपले की ती राष्ट्रीय वाहिनी जोडून घेत. आकाशवाणीच्या भाषेत सांगायचे तर सहक्षेपण. १९८९ साली उत्तर इंग्लंडमधल्या सहा केंद्रांनी संध्याकाळचा कार्यक्रम वाटून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे सामायिक संध्याकाळ ही २०१३ची कल्पना नव्हे. नवे होते ते तिचे आकारमान, आणि ती घराबाहेरून करून घेणे.

व्यापारी स्थानिक रेडिओ १९७३ साली आला. तिथे जाळे विणण्याची घाई अधिक, कारण एकच कार्यक्रम वीस केंद्रांवर लावला की जाहिरातदार एका दारात मिळतो. १९८४ साली लंडनच्या कॅपिटल रेडिओतून ‘नेटवर्क चार्ट शो’ देशभरच्या केंद्रांवर जाऊ लागला. पुढे नियामक ‘ऑफकॉम’ने स्थानिक आशयाचे किमान तास ठरवून दिले, पण ते दिवसाच्या वेळेत मोजायचे होते. संध्याकाळ नियमाच्या चौकटीबाहेर राहिली. पुढच्या वादात हा बारकावा फारसा कोणी लक्षात घेतला नाही. संध्याकाळ स्थानिक नसली तरी चालेल, हे नियम लिहिणाऱ्यांनी आधीच मान्य करून टाकले होते.

कपातीचे गणित

२०१० साली ब्रिटिश सरकारने बीबीसीचा मुख्य आधार असलेले परवाना शुल्क १४५.५० पौंडांवर गोठवले आणि वर्ल्ड सर्व्हिससारखे खर्च बीबीसीच्या पदरात टाकले. पुढच्या वर्षी महासंचालक मार्क थॉम्पसन यांनी ‘डिलिव्हरिंग क्वालिटी फर्स्ट’ हे भारदस्त नाव देऊन कपातीची योजना मांडली. सुमारे २,००० पदे जाणार होती. स्थानिक रेडिओच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या: दुपारचे कार्यक्रम शेजारच्या केंद्रांनी वाटून घ्यायचे आणि संध्याकाळी साऱ्या इंग्लंडला एकच कार्यक्रम.

आरडाओरडा झाला तो दुपारवरून. खासदार उठले, श्रोत्यांनी पत्रे लिहिली, व्यापारी रेडिओत हयात घालवलेल्या जॉन मायर्स यांच्याकडून स्थानिक केंद्रांची तपासणी करून घेण्यात आली. अखेर लॉर्ड पॅटन यांच्या अध्यक्षतेखालील बीबीसी ट्रस्टने स्थानिक रेडिओवरील कपातीचा फेरविचार करायला सांगितले. दुपार वाचली. संध्याकाळसाठी मात्र कोणी रस्त्यावर उतरले नाही.

याला कारण आहे. रेडिओचा श्रोता सकाळी सर्वाधिक असतो. संध्याकाळी तो दूरचित्रवाणीसमोर बसतो. सातनंतर केंद्र ऐकणारे थोडे, आणि तीन तासांसाठी निवेदक, निर्माता, फोन घेणारा असा ताफा मात्र प्रत्येक केंद्रावर लागतो. चाळीसच्या आसपास केंद्रे, प्रत्येकी तीन तास, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे आठवड्याला सुमारे ६०० तास. ते १५ तासांवर आणता येतात. कोणताही हिशेबनीस आधी याच ओळीवर बोट ठेवेल.

सात ते दहा

असा कार्यक्रम चालवणे बाहेरून दिसते तितके सोपे नसते. स्थानिक निवेदकाचे अर्धे भांडवल म्हणजे ‘इथे’ हा शब्द. इथे पाऊस पडतोय, इथल्या पुलावर गाड्या अडल्यात, आपल्या अमुक शाळेतली मुले. सामायिक कार्यक्रमाच्या निवेदकाला हा शब्दच वापरता येत नाही. कार्लाइलला मुसळधार आणि पेन्झन्सला चांदणे असेल तर हवामान सांगायचे कसे? मुंबईच्या स्टुडिओत बसून एकाच वाक्यात सावंतवाडीला आणि भंडाऱ्याला ‘आपलं गाव’ म्हणण्यासारखाच तो प्रकार.

त्यावर शोधलेली युक्ती चांगली होती. दिवसभरात वेगवेगळ्या केंद्रांवर आलेल्या गोष्टींपैकी निवडक गोष्टी संध्याकाळी साऱ्या देशाला ऐकवायच्या. डेव्हनची गोष्ट डरॅमला, सफोकची गोष्ट स्टोकला. स्थानिकतेची एक वेगळीच व्याख्या त्यात होती: माझे गाव नसले तरी कुणाचे तरी गाव. आणि खेळांचा अपवाद ठेवला होता. मंगळवारी रात्री स्थानिक फुटबॉल संघाचा सामना असला की ते केंद्र जाळ्यातून बाहेर पडे आणि धावते वर्णन लावी. रेडिओ शेफील्डच्या श्रोत्याला फुटबॉलच्या रात्री ‘तो देशभराचा कार्यक्रम’ भेटतच नसे. या अपवादाला कोणी हात लावला नाही, यातच बरेच काही आले. स्थानिक भावना कुठे खरोखर दुखते, हे योजना आखणाऱ्यांना नीट ठाऊक होते.

२०१६च्या शरद ऋतूत फॉरेस्टच्या जागी जॉर्जी स्पॅन्सविक आली. निर्मिती त्याच संस्थेकडे राहिली.

एकत्र करणे आणि बाहेर देणे

या चर्चेत दोन वेगळे प्रश्न सतत एकमेकांत गुंतवले गेले आहेत. एक, कार्यक्रम सामायिक असावा का? दोन, तो बाहेरच्या संस्थेने करावा का? सामायिक कार्यक्रम बीबीसी स्वतःही करू शकली असती. उलट एखादे केंद्र फक्त आपल्या गावापुरता कार्यक्रम गावातल्याच निर्मात्याकडून करून घेऊ शकते.

बाहेर देण्याच्या बाजूचे म्हणणे असे. खर्च आधीच ठरतो. वर्षानुवर्षे एकाच साच्यात काम करणाऱ्या केंद्रांत बाहेरचे वारे येते. रेडिओतल्या स्वतंत्र निर्मात्यांना ब्रिटनमध्ये गिऱ्हाईक म्हणावे तर मुख्यतः बीबीसीच. त्यांनाही काम मिळायला हवे. शिवाय हा कार्यक्रम लंडनमधून न होता लीड्समधून होत होता, ही गोष्ट छोटी नाही. संपादकीय नियम बाहेरच्या निर्मात्यालाही तेच लागू असतात, त्यामुळे दर्जा घसरेलच असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

विरोधकांची पहिली तक्रार पैशाची किंवा दर्जाची नव्हती. ती सरावाची होती. तरुण निवेदक कुठे घडतो? सकाळच्या कार्यक्रमात त्याला कोणी बसवत नाही. तो संध्याकाळी बसतो, चुकतो, कोणी फारसे ऐकत नसल्याने निभावतो आणि शिकतो. ही शाळा बंद झाली तर दहा वर्षांनी सकाळचा माणूस कुठून आणणार? दुसरी तक्रार उत्तरदायित्वाची. स्टोकचा श्रोता रागावला तर तो स्टोकच्या केंद्राला फोन करेल, पण त्या केंद्राच्या व्यवस्थापकाचा त्या तीन तासांवर काही अधिकारच नाही. निर्मितीसंस्थेचे गिऱ्हाईक बीबीसीचे मुख्यालय. श्रोता तिच्या दृष्टीने गिऱ्हाइकाचे गिऱ्हाईक.

पाच वर्षांच्या अनुभवावरून एवढे म्हणता येते की कार्यक्रम मोडला तो बाहेर दिला होता म्हणून नव्हे. टीका होत राहिली ती एकाच आवाजावर. तो आवाज कोणाच्या पगारपत्रकावर आहे, हे बहुतेक श्रोत्यांना माहीतही नव्हते.

लेस्टरची ती संध्याकाळ

संध्याकाळी ऐकणारे थोडे असतात हे खरे, पण ते कोण असतात? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुन्हा लेस्टरलाच जावे लागते.

१९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले. त्यातले हजारो लेस्टरला आले, खरे तर येऊ नका म्हणून नगरपालिकेने युगांडातल्या वृत्तपत्रात जाहिरात दिलेली असताना. चार वर्षांनी, १९७६ साली, बीबीसी रेडिओ लेस्टरने याच लोकांसाठी ‘सिक्स ओ’क्लॉक शो’ सुरू केला. नावाप्रमाणे वेळ संध्याकाळची. सकाळच्या गर्दीच्या तासांत असा प्रयोग करायला कोणी धजावले नसते. सहाची वेळ रिकामी होती म्हणून जमले. तो रुजला, वाढला, बर्मिंगहॅमच्या रेडिओ डब्ल्यूएमला जोडला गेला आणि त्यातून बीबीसी एशियन नेटवर्क उभे राहिले. २००२पासून ती डिजिटल रेडिओवर देशभर ऐकू येणारी वाहिनी आहे.

नव्या गायकांची गाणी, लोकसंगीत, ब्रास बँड, अल्पसंख्य समाजांचे कार्यक्रम, या सगळ्यांना स्थानिक रेडिओने जागा दिली ती बहुधा संध्याकाळी आणि रविवारी. श्रोतृसंख्येच्या तक्त्यात हे सगळे तास ओसाड दिसतात. लेस्टरच्या त्या तासाची किंमत १९७६च्या तक्त्यावरून कोणी काढली असती, तर तो कार्यक्रम पहिल्याच वर्षी बंद झाला असता.

उलट बाजूनेही बोलायला हवे. अशी उदाहरणे लखलखीत असली तरी मोजकी आहेत. बहुतेक केंद्रांवर संध्याकाळी गाणी आणि गप्पाच असत, आणि त्या गप्पा सामायिक केल्याने संस्कृतीचे नुकसान झाले असे म्हणणे जरा जास्तच होईल.

वीज गेली तेव्हा

स्थानिकतेच्या बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा आपत्तीचा असतो, आणि तिथे दोन घटना हमखास सांगितल्या जातात.

पहिली अमेरिकेतली. १९९६च्या दूरसंचार कायद्याने केंद्रांच्या मालकीवरची मर्यादा सैल झाली आणि क्लिअर चॅनल या कंपनीने शेकडो केंद्रे घेतली. १८ जानेवारी २००२ रोजी मध्यरात्रीनंतर नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावाजवळ मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग गावावर पसरला. एक माणूस दगावला, शेकडोंना त्रास झाला. गावातली सहाही व्यापारी केंद्रे क्लिअर चॅनलची होती, आणि पोलिसांना तिथे कोणी फोनवर भेटेना. ही गोष्ट एकांगी सांगितली जाते, म्हणून कंपनीची बाजूही नोंदवायला हवी: इमारतीत माणूस होता, आणि पोलिसांनी आपत्कालीन इशाऱ्याची स्वयंचलित यंत्रणा नीट वापरली नाही, असे तिचे म्हणणे होते.

दुसरी घटना इंग्लंडमधली. ५ डिसेंबर २०१५ रोजी डेझमंड वादळात लँकॅस्टरचे वीज उपकेंद्र पाण्याखाली गेले. रात्री पावणेअकराच्या सुमारास साठ हजारांवर घरे अंधारात बुडाली. मोबाइलचे मनोरे बंद, इंटरनेट बंद. लोकांनी अडगळीतून सेलवर चालणारे रेडिओ काढले. ‘द बे’ हे तिथले स्थानिक व्यापारी केंद्र जनरेटरवर चालू राहिले आणि शाळा बंद आहेत का, पाणी कुठे मिळेल, हे सांगत राहिले. पुढे काही वर्षांतच ते केंद्र ‘ग्लोबल’ या बड्या समूहाने घेतले आणि ‘हार्ट’ या जाळ्यात विरघळवले.

यावर जाळ्याच्या समर्थकांचे उत्तर असे, की वर्षातल्या एका रात्रीसाठी ३६५ रात्री स्टुडिओ उघडा ठेवण्याची गरज नाही. संकट आले की जाळ्यातून बाहेर पडण्याची सोय हवी. तर्क बिनतोड आहे. फक्त त्या रात्री बाहेर पडण्यासाठी गावात राहणारा, किल्ली असलेला आणि माइकची सवय असलेला कोणीतरी असावा लागतो. ते किती केंद्रांवर शक्य आहे, याची आकडेवारी सहजी हाती लागत नाही.

परत आली, परत गेली

नोव्हेंबर २०१७मध्ये, स्थानिक रेडिओच्या पन्नाशीच्या दिवशी, महासंचालक टोनी हॉल यांनी १ कोटी पौंडांची नियोजित कपात रद्द केली आणि देशभराचा संध्याकाळचा कार्यक्रम बंद करून ते तास केंद्रांना परत देण्याची घोषणा केली. २०१८मध्ये केंद्रांवर पुन्हा स्वतःची संध्याकाळ सुरू झाली, नवे आवाजही आले.

तेवढ्यात व्यापारी रेडिओने उलटी दिशा पकडली. २०१८च्या अखेरीस ऑफकॉमने स्थानिक तासांची अट दिवसाला तीनवर आणली आणि सकाळचा कार्यक्रम स्थानिकच हवा हा आग्रहही सोडला. २०१९मध्ये कॅपिटल आणि हार्ट यांनी सकाळही देशभर एक करून टाकली. संध्याकाळपासून सुरू झालेली गोष्ट सहा वर्षांत न्याहारीच्या टेबलापर्यंत आली.

बीबीसीच्या नव्या संध्याकाळी करोनाच्या काळात आटल्या. मग जानेवारी २०२२मध्ये परवाना शुल्क पुन्हा गोठले, या वेळी १५९ पौंडांवर, दोन वर्षांसाठी. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस नवा आराखडा आला. इंग्लंडमधल्या ३९ केंद्रांनी सोमवार ते शुक्रवार दुपारी दोनपर्यंत आपापले बोलावे. दोन ते सहा १८ विभागांत वाटणी. सहा ते दहा या वेळेत दहा विभाग. दहानंतर साऱ्या इंग्लंडला एक. ४८ पदे कमी होणार होती. वाचलेला पैसा ऑनलाइन बातम्यांकडे आणि शोधपत्रकारितेच्या नव्या गटांकडे वळवू, असे बीबीसीने सांगितले. पत्रकारांच्या संघटनेने मार्च २०२३मध्ये एक दिवस आणि जूनमध्ये दोन दिवस संप केला. आराखडा तरीही लागू झाला.

२०१३मध्ये जे बाहेर दिले होते, ते या वेळी घरातच ठेवले गेले. वाद तसूभरही कमी झाला नाही. बाहेर देणे हा वादाचा गाभा कधीच नव्हता, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आपल्याकडचे सहक्षेपण

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळे परके वाटू नये. आकाशवाणीची छोटी केंद्रे पूर्वीपासून मोठ्या केंद्रांचे आणि विविध भारतीचे कार्यक्रम सहक्षेपित करत आली आहेत. खासगी एफएमला आधी फक्त छोट्या शहरांत आणि एका विभागापुरते कार्यक्रम जोडून घेण्याची मुभा होती. २०११च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने प्रत्येक कंपनीला आपल्या जाळ्यात ती देशभर दिली.

पण सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. जून २०२३मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला, गदारोळ झाला आणि आदेशाला स्थगिती मिळाली. लोक हळहळले ते सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या बातम्यांसाठी. आता गंमत अशी, की ते बातमीपत्र पुण्यापुरते कधीच नव्हते. ते राज्यभर ऐकले जाई. म्हणजे सामायिक कार्यक्रम लोकांना आपला वाटत नाही, हे सरसकट खरे नाही. रोज त्याच वेळी, ओळखीच्या आवाजात आणि आपल्या भाषेत येणारी गरजेची गोष्ट दुसऱ्या गावातून आली तरी चालते. तीन तासांच्या गप्पांना ही सवलत मिळत नाही.

न सुटलेले

संध्याकाळच्या तासांची शाळा म्हणून किंमत किती, हे मोजण्याची सर्वमान्य पद्धत आजही नाही. ऑनलाइन बातमीकडे वळवलेला पैसा ज्या श्रोत्याकडून काढला, त्याच्यापर्यंत पोचतो का, हाही प्रश्न आहे; स्थानिक रेडिओ ऐकणाऱ्यांत वयस्कांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांतले अनेक जण इंटरनेटच्या वाटेला फिरकत नाहीत. सामायिक विभाग किती मोठा झाला की तो ‘स्थानिक’ म्हणवून घेण्याचा हक्क गमावतो, यावर नियामक, संघटना आणि बीबीसी यांचे एकमत नाही. आणि बाहेरच्या निर्मात्याकडून एकाच गावापुरता कार्यक्रम करून घेण्याचा, म्हणजे बाहेर द्यायचे पण एकत्र करायचे नाही असा, मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग बीबीसीच्या स्थानिक केंद्रांवर अजून व्हायचा आहे. खरे तर या वादातला तोच सर्वांत उपयोगी प्रयोग ठरेल.

लेस्टरमध्ये १९७६ साली ज्या घटकेला ‘सिक्स ओ’क्लॉक शो’ सुरू होई, त्या संध्याकाळी सहाच्या घटकेपासून आता तिथे मोठ्या विभागाचा सामायिक कार्यक्रम लागतो.